भूल उतरेपर्यंत

दादाचं ऑपरेशन वेळेत आटोपलं. बेंबीचा हर्निया अडकला होता. आतडं मोकळं केलंय, तासाभरात शुद्धीवर येतील, असं सर्जन सांगून गेले. जव्हारच्या त्या छोट्या दवाखान्यात मी लगेच पुढच्या कामांना लागले. पेजेची सोय, वहिनीच्या मुक्कामाची सोय, माझी कचेरीतली रजा, औषधं. सगळं उरकलं. दादा उठला नव्हता.

त्याचं यकृत आधीच आक्रसलेलं. तरुणपणची कावीळ आत राहून गेली, असं डॉक्टर म्हणायचे. त्यानं आयुष्यात दारूला हात लावला नाही, पण आमच्या गावात, पोशेऱ्यात, हे कोणाला पटत नाही. जीपनं आलेला आमचा चुलतभाऊ बाकावर बसून म्हणालाच, "न पिताच लिव्हर घालवलं यानं. त्यापेक्षा पिऊन तरी घ्यायची." वहिनीनं त्याला चहा आणायला पिटाळलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम दर थोड्या वेळानं येत. रक्तातली साखर बघितली, डोळ्यांवर टॉर्च मारली. मला त्यांनी नीट समजावलं. भुलीची औषधं यकृतातून निचरतात. दादाचं यकृत हळू चालतं, म्हणून डोस बेतानंच दिला होता, तरी वेळ लागतोय. मात्र कधीकधी अशा माणसाच्या रक्तातली घाण मेंदूवर चढते आणि तो उठतच नाही. तसं वाटलं तर नाशिकला हलवायचं. मी विचारलं, आम्ही काय करायचं? त्या म्हणाल्या, थांबायचं.

थांबणं मला जमत नाही. मी अॅम्ब्युलन्स ठरवली, ड्रायव्हरचा नंबर घेतला, नाशिकच्या दोन ठिकाणी फोन केले. खाटेखालच्या पिशव्या दोनदा लावल्या.

सिस्टर म्हणाली, "नाव घेऊन हाक मारा. नावाला माणूस ओ देतो." तिनं मारली. मी "दादा, दादा" करून बघितलं. मग वहिनी पुढे झाली. "ओ, उठा ना. भात खळ्यावर पडलंय."

"असं नाही मावशी, नाव घ्या."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिनं दादाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा ती शेजारच्या बाईला सांगायला लावते. मला तेव्हा तिचा रागच आला. म्हटलं, "घे ना वहिनी. आता कसली लाज?"

"तू तिकडं बघ, बाय."

मी खिडकीकडे तोंड केलं. ती त्याच्या कानाशी वाकली आणि तिनं नाव घेतलं. सरकारी कागद वाचून दाखवतात तसं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. इतकी वर्षं तिनं ते तसंच ऐकलं असणार.

दादाची पापणीही हलली नाही.

"घेतलं," ती म्हणाली. "आता?"

मी बाहेर गेले, आत आले, परत बाहेर गेले. ड्रायव्हर म्हणत होता, निघायचं तर उजेडी निघू, घाट आहे. मॅडम म्हणत होत्या, श्वास चांगला चाललाय, अजून थोडं बघू. मी दोघांनाही हो म्हणत होते. चुलतभाऊ गावाला फोन लावत होता, इतक्यात कोणाला कळवू नको म्हणत मी त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मॅडमनी त्याच्या खांद्याला चिमटा घेतला. दादानं कपाळाला आठी घातली. दुसऱ्यांदा घेतला तर त्यानं त्यांचा हात झटकला आणि जाड जिभेनं पाणी मागितलं. मॅडम हसल्या. त्यांनी त्याला बोटं आवळायला लावली, गाव विचारलं. ते त्यानं बरोबर सांगितलं. वहिनी खाली फरशीवरच बसली.

थोड्या वेळानं त्याचे डोळे पुन्हा मिटले. आता ही साधी झोप आहे, झोपू द्या, मॅडम म्हणाल्या.

"नको," म्हणत वहिनी उठली आणि तिनं त्याचा दंड धरून हलवला.

आता तो घरी आहे. जेवणात मीठ कमी, पोट साफ राहायचं औषध रोज, नाशिकची तपासणी ठरल्या तारखेला. ते सगळं मी बघते. दुपारी तो पडवीत आडवा होतो आणि डोळा लागतो न लागतो तोच वहिनी त्याला उठवते. फोनवर तो माझ्याकडे तक्रार करतो, "ही मला झोपू देत नाही. सांग तिला काहीतरी."

सांगते, म्हणते मी. मग वहिनीला फोन द्यायला लावते आणि हळूच विचारते, आज हाक मारल्यावर लगेच उठला ना?