मुक्या खोलीतली कानस

इथले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. वळणावर दिसलेली बाई, आपोआप फिरणारा पंखा... वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि हसायचं. माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं आणि पोट आवाजावर चालतं. आवाज आला म्हणजे त्याला कारण असतंच – सैल वायर, शेजारच्या इमारतीतला पंप, नाहीतर आपलेच कान. नव्याने येणाऱ्या मुलांना मी हेच शिकवते. त्यामुळे पुढचं लिहायला मला जवळपास वर्ष लागलं.

मी मूळची परभणीची. हिंजवडीत अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, महाळुंग्यात फ्लॅट घेतला आणि मग, घरच्यांच्या भाषेत सांगायचं तर, डोकं फिरलं. साउंड इंजिनीअरिंगचा कोर्स केला आणि नोकरी बदलली. मुळशीत, पौडच्या पुढे धरणाच्या पाण्याच्या अंगाला एक संगीत संशोधन संस्था आहे. नाव देत नाही. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि आजच्या काळातलं शास्त्रीय संगीत यांवर तिथे काम चालतं. कोणी तंबोऱ्याच्या एकाच तारेतले आवाज कॉम्प्युटरवर सुटे करून बघतं, कोणी हॉलमध्ये दोन डझन स्पीकर गोल मांडून त्यांतून एकच सूर फिरवत बसतं. सकाळी नांदे-चांद्यावरून घोटवड्याच्या रस्त्याला लागले की समोरून हिंजवडीकडे निघालेल्या कंपन्यांच्या कॅब्सची रांग दिसते, आणि आपण उलट्या दिशेला चाललोय याचं मला रोज नव्याने बरं वाटतं.

संस्थेत एक खास खोली आहे. भिंती, छत, दाराची आतली बाजू – सगळीकडे फोमचे हातभर लांब सुळके. खाली जमिनीऐवजी ताणलेली तारेची जाळी, तिच्याखाली पुन्हा सुळके. आत टाळी वाजवली तर ती हातातच विझते. पाच मिनिटं बसलं की स्वतःचा आवंढा गिळल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटतो. झाडलोट करणाऱ्या सुमनताई जवळच्याच गावातल्या. त्यांनी पहिल्या दिवसापासून तिला 'मुकी खोली' म्हटलं, आणि आता आम्ही सगळेच म्हणतो.

दर तीन महिन्यांनी आठवडाभर या खोलीची तपासणी असते. दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, इमारतीतले सगळे एसी बंद करायचे, दार लावायचं आणि रिकाम्या खोलीचं तासभर रेकॉर्डिंग करायचं. शांतता किती शांत आहे ते मोजायचं. हे काम माझ्याकडे आहे.

गेल्या डिसेंबरातली तपासणी. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मी दुपारी चहा घेत ऐकत होते. आवाज खूप वाढवून ऐकावं लागतं, कारण त्यात काही नसतंच. साधारण विसाव्या मिनिटाला काहीतरी घासल्यासारखं आलं. तीन वेळा. मग थांबून एक बारीक, नाकातला म्हणावा तसा सूर. पुन्हा तीन वेळा घासणं, पुन्हा तोच सूर. मग टक... टक.

सुमनताई कप न्यायला आल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

"ताई, ह्यो पेटीवाल्याचा आवाज हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्तीला न्हेली व्हती, तवा त्यो बाबा असंच घासत बसला व्हता."

मी हो म्हटलं असावं. मला नीट आठवत नाही. कारण सुमनताईंनी सांगायच्या आधीच मला ते कळलं होतं.

माझे वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो – परभणीतल्या आमच्या मातीच्या, ठेंगण्या घराच्या पुढच्या खोलीत पेट्या दुरुस्त करायचे. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, कधी एखाद्या गवयाच्या. पेटीचा सूर म्हणजे पितळेची एक अरुंद पट्टी. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. अण्णा तीनदा कानस फिरवायचे, पट्टी तोंडाला लावून फुंकायचे, ऐकायचे, पुन्हा तीनदा. आणि मग पितळेचा भुगा झाडायला कानस पाटाच्या कडेवर दोनदा आपटायचे – पहिला ठोका जोरात, दुसरा नुसता टेकवल्यासारखा. माझं सगळं लहानपण या आवाजात गेलं. अभ्यास करताना डोकं दुखतं म्हणून मी त्यांच्याशी भांडलेसुद्धा आहे.

अण्णा तीन वर्षांपूर्वी गेले. अचानक, हार्टचं निमित्त झालं. आणि एक गोष्ट सांगायला मला आजही लाज वाटते... जगभरचे आवाज जमवून ठेवणाऱ्या माझ्याकडे त्यांच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही. फोनवर ते दोन वाक्यं बोलून 'ठेवतो' म्हणायचे. व्हॉइस मेसेज त्यांना जमले नाहीत. लग्नाच्या व्हिडिओत आहेत, पण कायम पाठमोरे, कोणाला तरी पान वाढताना. पुढच्या सुट्टीत चांगला माईक घेऊन जाऊ आणि त्यांना दिवसभर बोलतं करू, असं मी चार दिवाळ्या म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच सुमाराला, तसंच.

संस्थेचे प्रमुख सत्तरीचे संगीतकार आहेत, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. अतिशय संशयी माणूस. त्यांना मी अण्णांचं काही सांगितलं नाही, फक्त फाइल ऐकवली. त्यांनी आधी मलाच झापलं. जुनी फाइल मिसळली असेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमची सगळी यंत्रणा बाजूला काढली, बॅटरीवर चालणारा स्वतःचा छोटा रेकॉर्डर आणला, नवीन कार्ड घातलं, खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून तासभर बसले. संस्थेत तेव्हा एकही पेटी नव्हती, तेही त्यांनी कपाटं उघडून बघितलं. रेकॉर्डर उघडला. तीनदा घासणं, सूर, दोन ठोके. सरांनी हेडफोन काढले आणि मला विचारलं, "तुला हा माणूस माहीत आहे ना?"

तेव्हा मी सांगितलं. आठवड्याची तपासणी तुला हवे तितके दिवस चालू दे, एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसांत मी घरी नवऱ्याशीसुद्धा फार बोलत नव्हते. सकाळी उठायचं ते एक वाजायची वाट बघायला. दोन वाजता फाइल काढायची आणि ऐकायची. कानाला खोलीत काहीही ऐकू यायचं नाही, मी दोनदा आत बसून बघितलं. जे यायचं ते माईकमधूनच.

चौथ्या दिवशी लक्षात आलं की सूर तोच नाही. सॉफ्टवेअरवर मोजून बघितला. पहिल्या दिवशी तो मध्यमापेक्षा चांगलाच उतरलेला होता, आणि रोज थोडा थोडा वर येत होता. म्हणजे नुसती एखादी आठवण पुन्हा पुन्हा वाजत नव्हती, काम चाललं होतं. एक पट्टी सुरात आणली जात होती. ते कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. ती पट्टी सुरात आली की मग काय? अण्णा पट्टी लागली की पेटी बंद करून गिऱ्हाइकाला निरोप धाडायचे. तो सूर लागू नये असं मला वाटायला लागलं. पेटीवाल्याची मुलगी असून मी रोज स्क्रीनसमोर बसून मनात म्हणायचे, अजून उतरलेला आहे ना, राहू दे.

सातव्या दिवशी मी आईला फोनवर फाइल पाठवली. काय आहे ते सांगितलं नाही. तासाभराने तिचा फोन आला.

"सूर घासायलेत की गं ते," ती म्हणाली. "कुठं मिळालं तुला हे?"

मी म्हटलं, ये, दाखवते. आई कधी एकटी प्रवास करत नाही. पण त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती ट्रॅव्हल्सने वाकडला उतरली, हातात एकच पिशवी. घरी आंघोळ केली आणि लगेच निघायचं म्हणाली.

एक वाजता आम्ही दोघी मुक्या खोलीत गेलो. जाळीवर पाय ठेवायला ती घाबरली, म्हणून मी फळी टाकली, खुर्ची दिली. सर दाराबाहेर थांबले. मी माईक चालू केला आणि रेकॉर्डरचे हेडफोन आईच्या कानाला लावले. एक बाजू थोडी बाहेर ओढून मी माझा कान तिथे टेकवला. किती तरी वर्षांनी मी तिच्या इतकी जवळ बसले होते.

वीस मिनिटांनी घासणं सुरू झालं.

आई ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. एखादी गोष्ट जिथे ठेवली होती तिथेच सापडावी तसं काहीतरी होतं. सूर आला, तेव्हा तिने मान थोडी हलवली. नाही लागला अजून, अशा अर्थी. मग तिने हेडफोनची एक बाजू माझ्या हातात दिली, दुसरी कानाशीच ठेवली, पदर सारखा केला आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून, घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली,

"अहो, पान वाढलंय."

हेडफोनमध्ये कानस चालूच होती.

"अहो, या की आता. निवायलंय."

कानस चालू. आमच्या घरी रोज असंच व्हायचं. पहिल्या दोन हाका त्यांच्या कानावरून जायच्या. तिसऱ्या हाकेला आई नेहमी थोडी कठोर व्हायची. त्या दिवशी नाही झाली. ती नुसतंच "अहो" म्हणाली.

घासणं थांबलं.

"हं... आलो."

दोनच शब्द. बसका, तंबाखू सोडलेल्या माणसाचा आवाज. मग ठोका, आणि दुसरा टेकवल्यासारखा. मग लाकडावर लोखंड ठेवल्याचा आवाज. आणि मग ज्याला आम्ही आमच्या भाषेत उत्तम शांतता म्हणतो, ती.

दोन वाजेपर्यंत आम्ही तशाच बसलो. आणखी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. पुढचे बारा दिवस मी रेकॉर्डिंग करत राहिले, काही आलं नाही.

त्या दुपारी कॅन्टीनमध्ये आई व्यवस्थित जेवली. भाकरी, पिठलं, वरून ताक मागून घेतलं. मी एक घास खाल्ला नाही. मी तिच्यावर प्रचंड चिडले होते. शेवटी मी बोललेच, की तू हाक का मारलीस, मला ते हवे होते, अजून तो सूरसुद्धा लागला नव्हता.

आईने ताकाचा पेला खाली ठेवला.

"त्या दिवशी मी नांदेडला होते ना गं, मावशीकडे," ती म्हणाली. "सकाळपासून बसलेले असतील. जेवायला हाक मारायला कोणी नव्हतं घरात."

अण्णा गेले ते पुढच्या खोलीत, पाटापाशी बसल्या बसल्या. शेजाऱ्यांना संध्याकाळी कळलं. स्वयंपाकघरात आईने करून ठेवलेल्या पोळ्या तशाच झाकलेल्या होत्या. हे मला माहीत होतं. पण तीन वर्षांत आई त्या पोळ्यांबद्दल एकदाही बोलली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. मी माझ्या न केलेल्या रेकॉर्डिंगचं दुःख कवटाळून बसले होते. तिचं काय राहिलं होतं ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

"किती दिवस उपाशी बसवून ठेवणार होतीस त्यांना?" आई म्हणाली. रागाने नाही. मग तिने माझं ताट माझ्याकडे सरकवलं.

चार दिवस राहून ती परभणीला गेली. फाइल ऐकायची का विचारलं, तर नको म्हणाली, ऐकलं की.

तुम्ही म्हणाल, कोणीतरी चेष्टा केली असेल. मीही सगळ्या बाजूंनी विचार केला. पण जुनं रेकॉर्डिंग वाजवलं असतं, तर ते आईच्या हाकेला उत्तर कसं देईल? आईच्या तिन्ही हाका आणि ते दोन शब्द एकाच फाइलमध्ये आहेत. सरांनी ती तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासली. कुठे जोड नाही, काप नाही. एक विचित्र गोष्ट त्यांनी दाखवली. आईचा आवाज माईकपासून चार फुटांवरून येतो, तो तसाच ऐकू येतो. 'हं... आलो' मात्र अशा खोलीतून येतो जिथे भिंती आहेत. मातीच्या, कमी उंचीच्या. आमच्या मुक्या खोलीत तसा आवाज येऊच शकत नाही. सर म्हणाले, आयुष्यभर आवाज करत आलो, हा मला करता आला नसता. मग म्हणाले, कुठल्याही रचनेत हे वापरायचं नाही, मी मागितलं तरी देऊ नकोस. त्यांनी मागितलं नाही.

सुमनताईंना मी सगळं सांगितलं. त्या आता खोली झाडायच्या आधी बाहेर चपला काढतात. त्याचं कारण मी विचारलेलं नाही.

त्यानंतर तीन तपासण्या झाल्या. अहवालात शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. दर वेळी मी पूर्ण तास ऐकते, दोनदा ऐकते, आणि मग त्यात लिहिते, 'काहीही आढळले नाही'. खोली उत्तम आहे असा त्याचा अर्थ होतो. ते लिहिताना माझा हात दर वेळी जरा वेळ थांबतो.