चाचणीपुरती खोटी नोंद

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर अंगठा दाबल्याशिवाय सर त्यात एक अक्षर लिहीत नसत. "कोन वाचून राहिलं, काय सांगावं," म्हणायचे. वसमतच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. देवावर त्यांचा विश्वास थोडा होता, मोबाइलवर अजिबात नव्हता.

घरच्या शेतातल्या हळदीचं सगळं गणित त्यांच्या डोक्यात होतं: कोणत्या तुकड्यात पाणी साचतं, कोणतं बेणं कुठे लावावं. निवृत्तीनंतर विसरायला लागले, तेव्हा शेती बघणाऱ्या मुलीसाठी ते लिहून ठेवायचं ठरलं. राहिला प्रश्न, नोंदींचं ॲप कोणतं घ्यावं. असल्या किरकोळ प्रश्नांत माणसं कशी अडकून पडतात, तुम्हीही पाहिलं असेल.

नवं ॲप घेतलं की सर आधी त्यात एक धादांत खोटी नोंद टाकत आणि ती कुठे फुटते का बघत. एकात लिहिलं, 'म्हैस घ्यायची आहे.' लगेच पेंडीची जाहिरात आली.

"बघा. फुटलं."

"सर, तुम्ही बाजारभर म्हशीचे भाव विचारत फिरलात."

"मंग? खोटं बराबर वठाया नको?"

दुसरं ॲप स्वतःला 'तुमचा दुसरा मेंदू' म्हणवत होतं. "पहिला कुठं गेला, हे काहून इचारलं न्हाई यानं?" म्हणून तेही काढलं.

अखेर एक पास झालं. सरांनी घाईघाईनं खऱ्या नोंदी भरल्या. चाचणीची खोटी पुसायची राहिली. त्याच हिवाळ्यात सर गेले.

लागवडीआधी मुलगी मोबाइल घेऊन आली. एक नोंद होती, 'विहिरीकडच्या तुकड्यात हळद लावू नये. कंद सडतो.' खाली दुसरी, 'हळद लावावी ती विहिरीकडच्याच तुकड्यात.'

"काका, यातली चाचणीची कोणती?"

मराठीचा मास्तर म्हणून मी दोन्ही वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. दोन्ही सरांचीच होती.

"बाबांनी राखलेलं बेणं हाय. समदं सडलं तर वाणच जाईल." थोडा विचार करून म्हणाली, "एकच सरी विहिरीकडं लावते. बाकी वरच्या अंगाला."

पावसाळाभर दोन्हीकडची हळद सारखीच हिरवीगार दिसली. काढणीला मी मुद्दाम गेलो. वरच्या अंगाला टणक कंदांचे ढीग पडले होते. विहिरीकडच्या सरीत तिनं कुदळ घातली, एक गड्डा उचलून दाबला. तो बोटांत मऊ फुटला. वास आला.

"चला, कळलं एकदाचं," मी म्हणालो. "आता ती खोटी नोंद पुसून टाक."

तिनं ओढणीला हात पुसले.

"राहू द्या, काका. ती बी बाबांनीच लिहिलीय."