समुद्रासाठी दादानं बाग आधी छाटली

फोन वहिनीचा होता. "ताई, ह्यांच्या छातीत दुखतंय. नाशिकला आणतोय, तुम्ही दवाखान्यात या." द्राक्षांचा शेवटचा टेम्पो आदल्याच दिवशी बागेतून गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात दादा आणि मी अंदमानला निघणार होतो... दादाला जाऊन आता महिना झाला. अजूनही पिंपळगावच्या रस्त्याला लागले की 'निघाले रे' सांगायला हात फोनकडे जातो.

माझ्या या थोरल्या भावाला समुद्राचं वेड कुठून लागलं देव जाणे. पिंपळगाव बसवंतच्या मळ्यात जन्म गेलेला, विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. कुठल्याशा व्हिडिओत त्यानं अंदमानची कासवं पाहिली, पाण्याखाली माणसाच्या शेजारून निवांत जाणारी, आणि पन्नाशी उलटल्यावर मला म्हणाला, "बेबे, आपण दोघं जाऊ. तिथं खाली उतरून बघू. तुझी वहिनी नाय यायची, पाण्याला लय घाबरती ती."

अडचण एकच होती. तिथलं पाणी ज्या दिवसांत नितळ असतं, नेमकी तेव्हाच आमची द्राक्षं काढणीला येतात. दरवर्षी बेत ठरायचा आणि दरवर्षी मोडायचा. शेवटी यंदा त्यानं बागच अलीकडे ओढली. पाऊस डोक्यावर असताना, सगळ्यांच्या आधी छाटणी उरकली, म्हणजे माल लवकर निघेल आणि हा मोकळा होईल. "येडा झाला का रे?" लोक म्हणाले. पावसात घड कुजले असते तर वर्ष हातचं गेलं असतं. पण बागेनं त्याचं ऐकलं.

पाण्याखालचा सराव शेततळ्यात. चष्मा लावून, दोर धरून तो तळाशी बसून राहायचा. एकदा शेजारचे अण्णा घाबरून कपड्यांसकट उडी मारून त्याला वाचवायला गेले, आणि तळ्याला अंथरलेल्या निसरड्या प्लास्टिकवरून वर येता येईना म्हणून यानंच त्यांना बाहेर ओढलं! खाली बोलता येत नाही, म्हणून त्यानं मला खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचा गोल केला की 'ठीक आहेस ना?' ठीक असलो तर तसाच गोल करून दाखवायचा. काही बिघडलं असेल, तर पंजा आडवा धरून हलवायचा. जेवताना, बागेत, सारखं तेच. "बसली मुक्यांची सभा," भाकरी थापता थापता वहिनी म्हणायची.

दवाखान्यात त्याच्या तोंडावर मास्क होता. मला पाहिलं आणि त्यानं कष्टानं हात उचलून बोटांचा गोल केला. असल्या वेळी तो मला विचारत होता! मीही गोल केला. ठीक. दुसरं काय सांगणार होते? त्याचे डोळे हसले. सकाळी तो गेला. मला त्याचा रागही येतो... फार येतो. इतकी घाई करून मोकळा झालास, तो यासाठी?

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वहिनी आणि मी ओट्यावर बसलो होतो. नकळत मी बोटांचा गोल करून तिच्यापुढे धरला. तिला काय कळणार, असंच वाटलं होतं. वहिनीनं पदराखालून हात काढला, पंजा आडवा धरला आणि हलवायला लागली... तो हात थांबेचना. शेवटी मी तो माझ्या हातात धरला.