बाज मावते काय?

गावात कुणाचीही गाडी आली की तो आधी तिच्या मागे जायचा. बाकीचे लोक पुढे गोळा व्हायचे, बॉनेटवर हात फिरवायचे, हॉर्न वाजवून बघायचे. हा मागच्या बाजूला उकिडवा बसायचा, खाकी पँटच्या खिशातून सुताची दोरी काढायचा, तिच्यावरच्या दोन गाठींमधलं अंतर गाडीला लावून बघायचा आणि मालकाला विचारायचा, “बाज मावते काय?”

मालक हसायचे. अकोल्याहून आलेल्या एका डॉक्टरांना वाटलं, हा बाजा, म्हणजे सुतळीच्या खाटा, विणून विकतो. त्यांनी भाव विचारला. हा म्हणाला, “इकाची नाई साहेब, ठेवाची हाय. तुमच्या गाडीत.” डॉक्टर काच वर करून निघून गेले.

अशा माणसांना आपण सगळेच एका शब्दात निकालात काढतो. तुम्हीही काढलं असेल, मीही काढलं होतं. आमच्या सोसायटीत मी कारकून म्हणून लागलो त्या पहिल्याच आठवड्यात त्याच्याबद्दल माझं मत झालं की ड्रायव्हर चांगला आहे, पण डोक्याचा एक स्क्रू ढिला आहे.

ती शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी होती. तिचं नाव सांगत नाही. आता ती उरलेलीही नाही. वाशीमच्या रस्त्यावर ऑफिस, मागे खताचं गोदाम, पुढे कडुनिंबाचं झाड. सभासद आसेगावपर्यंतच्या खेड्यांमधले. सोसायटीची एक जुनी ट्रक होती आणि ती तो चालवायचा. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणायचो. अध्यक्ष भाऊसाहेब मात्र त्याला ‘ए ड्रायव्हर’ म्हणायचे. मामा बौद्ध वस्तीतला होता आणि ऑफिसातल्या माठाशेजारी सगळ्यांचे पेले असायचे, त्याचा मात्र बाहेर कडुनिंबाखाली वेगळा ठेवलेला असायचा. तो कुणी ठेवला, हे कुणालाच माहीत नव्हतं. उचलून आतही कुणी ठेवला नाही. यात मी आलोच.

सकाळी मी पोचायच्या आत मामाचा पेपर वाचून झालेला असायचा. चौथीपर्यंत शिकलेला, पण वाचायचा मोठ्याने, ठसक्यात, अग्रलेखासकट. मी सायकल लावेपर्यंत मला दिल्लीची खबर मिळायची. “बाबू, पेट्रोल आनखी महाग झालं पाय. आता हलक्या गाडीचे दिवस आले.”

गाड्यांची त्याची परीक्षा ठरलेली होती. “गाडी तीन जागी पाहाची. काट्यावर वजन, घाटात जोर, अन् रोजच्या कामात अक्कल.” ही परीक्षा तो माणसांनाही लावायचा. भाऊसाहेबांबद्दल म्हणायचा, “वजन लय, पन चढावर धाप लागते.” माझ्याबद्दल एकदा म्हणाला, “तू हलका हायस, बाबू.” मला ती तारीफ वाटली. तेव्हा मी बारीकही होतो.

दोरीची गोष्ट त्याने मला एकदाच सांगितली. कामरगावला खत उतरवून आम्ही परत येत होतो. वाटेत टायर बसला. मामा जॅक लावत होता, मी शेजारी उभा राहून त्याला नको ते सल्ले देत होतो. मध्येच मी विचारलं, “मामा, ही दोरी काय भानगड आहे?”

त्याने जॅकवरचा हात काढला नाही. “माही बायको बाळंतपनात अडली होती. बाजेवर टाकून चौघांनी सडकेवर आनली. तिथं मी राबत होतो त्या मालकाची जीप उभी होती. मालक म्हनले, नेलं असतं रे, पन बाज मावत नाई. तिले बसवता येत नव्हतं. मंग बाज खांद्यावर घेऊन निंगालो वाशीमले. अर्ध्या वाटेत ती गेली. पोटातलं बी गेलं.”

मी म्हणालो, “बाजच मावत नव्हती तर मालक तरी काय करणार?”

त्याने नट पिळून घट्ट केला. “म्हयना झाल्यावर मी बाजेची लांबी दोरीवर घेतली. मालकाची जीप बाजारात उभी होती. मागचं फळकं पाडलं अन् दोरी लावली.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मावत होती, बाबू. वीतभर जागा उरत होती.”

त्यानंतर मी त्याच्या दोरीला हसलो नाही. पण तिच्यासाठी काही केलंही नाही, आणि तेच मला सांगायचं आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. वार्षिक सभेत ठराव झाला की सोसायटीने एक छोटी मोटार घ्यावी. कामकाजासाठी वापरावी आणि अडल्यानडल्या वेळी सभासदांच्या घरचं दुखणाईत माणूस वाशीमच्या दवाखान्यात न्यावं. हे दुसरं वाक्य मामाने आसेगावकडच्या चार सभासदांच्या मागे लागून ठरावात घालून घेतलं होतं. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे, म्हणून वापरलेली घ्यायचं ठरलं. अकोल्याच्या दलालाने तीन गाड्या आणून कडुनिंबाखाली उभ्या केल्या. एक लाल, दोन दारांची, चपळ. एक करडी, चार दारांची. आणि एक पांढरी, जिला पाठीमागे वर उचलायचं दार होतं.

मामाच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस असावा. दाढी करून आला होता. तिन्ही गाड्या त्याने जिनच्या काट्यावर, जिथे कापसाच्या बैलबंड्या तोलत, तिथे नेऊन तोलल्या. मग मला शेजारी बसवून पातूरच्या घाटात एकेक चढवली. मी हातातल्या घड्याळात बघून मिनिटं लिहीत होतो. लाल गाडी सगळ्यात हलकी निघाली आणि घाट असा चढली की मी दाराला घट्ट धरून बसलो. मामा खूश होऊन म्हणाला, “पोट्टीत दम हाय!” करडी मधली निघाली. पांढरी सगळ्यात जड, घाटात दुसऱ्या गिअरवर कण्हत होती.

“मग लालच घ्यावी,” मी म्हणालो.

“थांब ना बाप्पा. दोन परीक्षा झाल्या. तिसरी राह्यली.”

परत आल्यावर त्याने दोरी काढली. लाल गाडीत ताणून धरलेली ती दारातूनच आत वळेना. करडीचंही तेच. पांढरीचं मागचं दार त्याने वर उचललं, सीट पाडली आणि दोरी आत अंथरली. ती थोडीशी बाहेर राहिली. “बाजेचे पाय भाईर राह्यतीन,” तो म्हणाला, “मानूस आत राह्यन.” मग तो बराच वेळ त्या दाराखाली उभा राहिला, एक हात दाराला लावून. मी हाक मारली तेव्हा तोंड दुसरीकडे करून म्हणाला, “लिव बाबू. आकडा लिव.”

मी तुलनात्मक तक्ता टंकला. तीन गाड्या, तीन रकाने: वजन, घाट चढायला लागलेला वेळ, रोजचा उपयोग. तिसऱ्या रकान्यात बाजेची लांबी इंचांमध्ये आणि गाड्यांसमोर ‘मावत नाही’, ‘मावत नाही’, ‘मावते’. मामाने तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, “आता कसं झाक झालं!”

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला आत बोलावलं. तक्ता त्यांच्या पुढ्यात होता. “हा तिसरा रकाना कायले?”

“मामा म्हणाले...”

“आपन मोटार घेऊन राह्यलो का बंडी? लोक हसतीन. काढ तो रकाना.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुह्या कायम होन्याचा कागद बी याच मिटिंगमधी हाय ना?”

होता. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायकोला दिवस गेले होते. ही कारणं मी गेली कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि ती सगळी खरी आहेत. मशीनवर नवा कागद चढवला, खाली दोन कार्बन घातले आणि दोन रकान्यांचा तक्ता केला. कामाला दहा मिनिटंही लागली नाहीत. जुना तक्ता फाडून चुलीत घातला. लाल गाडी आली. मीही कायम झालो.

मामाला वाटलं, मिटिंगने तक्ता बघून लाल गाडी निवडली. तसंच वाटू देणं मला सोयीचं होतं. तो लाल गाडी चालवू लागला. भाऊसाहेब पुढे बसून लग्नांना जायचे, सत्कारांना जायचे. गाडी पळायची छान.

भाद्रपदात एका दुपारी आसेगावकडच्या खेड्यातून एक माणूस सायकल मारत आला. त्याची सून बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. भाऊसाहेब जेवून झोपले होते. मामाने कुणालाच विचारलं नाही. चावी घेतली आणि गेला.

पुढचं मी त्या बाईच्या सासऱ्याकडून ऐकलं. बाज सडकेपर्यंत आणली. गाडीत ती वळेना. बाईला बसवलं तर ती मान टाकत होती. मामाने पान्याने डावीकडची पुढची सीट खोलली, मागची सीट उपटली, तिच्या पाठीमागचा पत्रा छिन्नीने कापला आणि पाय डिकीत जातील अशी बाईला खाली गोदडीवर झोपवलं. सीटा बांधावर, चिखलात टाकल्या. या सगळ्यात अर्धा तास गेला. सासरा म्हणाला, “मामा पत्रा कापून राह्यला होता अन् रडून राह्यला होता.”

बाई वाचली. लेकरूही वाचलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या चौकशीत हा मुद्दा कुणी काढलाच नाही.

चौकशीला तीन संचालक बसले. आरोप होता: विनापरवानगी गाडी नेणे आणि संस्थेच्या मालमत्तेची नासधूस. सीटा पावसात कुजल्या होत्या. पत्र्याचा कापलेला तुकडा टेबलावर ठेवला होता. जबाब मी लिहून घेत होतो.

एका संचालकाने विचारलं, आणि त्याला खरंच मामाला वाचवायचं होतं असं मला वाटतं, “गाडीत आजारी माणूस झोपवता येत नाही, हे तू घ्यायच्या आधी सांगितलं होतंस का? सांगितलं असशील तर चूक आमची.”

मामाचा चेहरा उजळला. “सांगतलं होतं ना! मोजून सांगतलं. बाबूनं तक्त्यात लिवलं हाय. काढा तक्ता.”

फाइल आली. तक्ता निघाला. दोन रकाने.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, “त्यांनी दोनच रकान्यांचे आकडे दिले होते.”

हे मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही.

मामाने तक्ता हातात घेतला. वरपासून खालपर्यंत बघितला. मग माझ्याकडे. त्याला सगळं कळलं, हे मला कळलं. संचालकांकडे वळून तो म्हणाला, “नसन दिला आकडा. मले कुठं वाचता येते?”

रोज सकाळी मला अग्रलेख ऐकवणारा माणूस हे म्हणाला. मी ते वाक्य जबाबात लिहिलं आणि त्याच्यापुढे अंगठ्यासाठी शाई सरकवली. सही करणाऱ्या माणसाने अंगठा उठवला.

त्याला कामावरून काढलं. संध्याकाळी तो चार्ज द्यायला आला. चावी, जॅक, पाना, हवेचा पंप. मी यादीवर एकेक खूण करत होतो, मान खाली घालून. शेवटी त्याने खिशातून दोरी काढली, टेबलावर ठेवली, जरा वेळ बघितली आणि परत उचलली. “हे सोसायटीचं नाई.”

मी म्हणालो, “मामा...”

“तुह्या बायकोचे दिवस कवा भरतात?”

“दिवाळीच्या आसपास.”

“बंडी सांगून ठेव. लाल गाडीत नको नेजो तिले.” आणि गेला. कडुनिंबाखाली त्याचा पेला तसाच होता; तो त्याने बरोबर नेला नाही.

पुढे कुणी म्हणालं, कामरगावकडे कुणाचा ट्रॅक्टर चालवतो. कामरगाव काही लांब नव्हतं. एसटी होती, जीपा होत्या. मी तीस वर्षं नोकरी केली, त्यात एक रविवार मला निघाला नाही. तो वारल्याचंही मला दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला कळलं.

परवा नातवाने गाडी घेतली. छोटी, लालच, आणि मागे वर उचलायचं दार असलेली. तो मला कौतुकाने सांगत होता, वजन किती कमी, ताकद किती, घाटात कशी सुटते. मग मागचं दार उचललं, सीट पाडली आणि म्हणाला, “बघा आजोबा, केवढी जागा!”

मी घरातून सुतळी मागवली. नातवाला वाटलं, गाडीला लिंबू-मिरच्या बांधतोय. सुतळी हातात धरून मी त्या दाराखाली उभा राहिलो. एक गाठ मारली. दुसरी कुठे मारायची, ते मला कळेना. बाजेची लांबी मी माझ्या हाताने टंकली होती, इंचांमध्ये, आणि माझ्याच हाताने काढून टाकली होती. तो आकडा मला आता काही केल्या आठवत नाही.