दादाच्या तोंडातली पिल्लं

रस्त्यात कुणी उतरवून टाकलेला नारळ दिसला, तर घरी आणून त्याची चटणी करणारी बाई आहे मी. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंय... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण लिहिते.

माझा धाकटा भाऊ सुनील धायरीत राहतो. हॉलमध्ये चार फुटी टँक — आफ्रिकन सिक्लिड मासे. रंग असे की बघत राहावं, आणि स्वभाव? सदानकदा एकमेकांच्या जिवावर! त्यातल्या निळ्याशार नराला माझी भावजय ‘दादा’ म्हणायची. गल्लीतला दादाच तो. या जातीत मादी पिवळी. ती अंडी तोंडात धरते आणि पिल्लं पोहती होईपर्यंत अन्नाला शिवत नाही. बापाचा काडीचा उपयोग नाही; समोर आली तर स्वतःची पिल्लंही गिळतो.

त्या वर्षी भावजय बाळंतपणात गेली. मागे राहिली तान्ही सई. मी ठरवलं, पोरीला माझ्याकडे स्वारगेटला आणायचं. पाळणा विकत आणला, दुपटी शिवली.

“अरे, तुला स्वतःचा चहा धड करता येत नाही, मूल काय वाढवणार?” मी सुनीलला सुनावलं.

न्यायला गेले त्या सकाळी तो सईला खांद्यावर घेऊन टँकपुढे उभा होता.

“ताई, पिवळी मेली गं.”

मादी वाळूवर आडवी, आणि तिच्या तोंडातून सुटलेली इवलीशी पिल्लं दगडांआड सैरावैरा. बाकीचे मासे तुटून पडत होते. सुनील एका हाताने जाळी शोधायला लागला, तेवढ्यात दादा धावला. आ वासून, एकेक पिल्लू टिपत...

“खाल्ली मेल्याने!” मी ओरडले.

पण तो गिळेचना! गाल फुगवून कोपऱ्यात थांबला. मी दाणे टाकले. एरवी सगळ्यांआधी झडप घालणारा खादाड, ढुंकून बघेना. मग त्याने अलगद तोंड उघडलं... एक पिल्लू बाहेर आलं, जरा फिरलं, आणि परत आत गेलं.

अहो, सर्रकन काटा आला अंगावर. हात आपोआप जोडले गेले — माझे!

सुनील रडत होता. म्हणाला, “ताई, सई इथेच राहील. मी शिकेन सगळं.”

नंतर टँकचे मासे विकणाऱ्याला विचारलं. “नर असं करत नाही, मॅडम. मादी असेल.”

“अहो, याच नराची पिल्लं होती ती!”

“मग भास झाला असेल.”

दोघांना एकदम? बरं, पुढच्या वेळी दुसऱ्या मादीची पिल्लं झाली, तेव्हा हाच दादा त्यांना खायला धावला. म्हणजे ते घडलं ते एकदाच... त्याच सकाळी. का, ते मला आजही सांगता येत नाही.

पाळणा मात्र मी त्याच संध्याकाळी रिक्षात घालून धायरीला पोचवला.