शेंदरी दगडांवर पाय

आमच्या कंपनीत दगड बनतात. खरे नाही, प्लास्टिकसारखे, साच्यात ओतून. मोठ्या शहरात हॉलमध्ये उंच भिंती उभ्या करतात, त्यांना हे दगड बोल्टने लावतात आणि मग लोक पैसे भरून ते धरून वर चढतात. त्याला होल्ड म्हणतात, पण आम्ही सगळे दगडच म्हणतो. सिल्वासात येऊन मला हे काम लागलं तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं, तर त्या भाकर थापता थापता बोलल्या, "का वं, डोंगर सरनात का?"

मी म्हटलं, डोंगर नाही संपले, शहरात नसतात ना.

"मंग वर काय शे? देव शे का?"

वर काही नाही, म्हटलं. वर जातात आणि परत खाली येतात.

सासूबाईंनी भाकर उलटवली. त्यांना वाटलं असेल सूनच बावळट, नीट सांगता येत नाही.

माझं काम चेकिंगचं. टेबलावर दगड यायचा, त्याच्यावरून ओढणी फिरवायची, धागा अडकला तर कुठेतरी धार राहिली आहे, कुणाचं बोट कापेल. मग बोटाने ठोकायचं, आत पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. मग भोकात बोल्ट घालून बघायचा. सगळं ठीक असलं की मागच्या बाजूला खडूने आपली खूण करायची. माझी खूण टिकली. माझ्या शेजारी जवळच्या रांधा गावची एक गुजराती बेन बसायची, माझ्या आईच्या वयाची, तिची खूण फुली. ती दगड हातात घेऊन नुसतं बघायची आणि "चालशे" म्हणायची. तिला सगळंच चालायचं. मला काहीच चालायचं नाही, मी एकच दगड परत परत ठोकायची, तर ती म्हणायची, "बेन, ए दरवाजो नथी, कोई खोलशे नहीं."

भीतीच मला सगळ्याची. लिफ्टची, कुत्र्याची, सासरे खोकले तरी. उंचीची तर विचारूच नका. टोकरखाड्यात आमची खोली वरच्या माळ्यावर आहे, तर मी गॅलरीत कपडे वाळत घालते भिंतीला पाठ लावून, न बघता, मागे हात करून. नवरा म्हणतो, तुझे कपडे वाळतात कमी आणि खाली जास्त पडतात.

आणि मग कंपनीत भिंत आली.

खरीच भिंत, आमच्या शेडच्या कोपऱ्यात, दोन माळ्यांएवढी, खाली जाड गाद्या. आमचे सुपरवायझर साहेब मुंबईकडचे, मूळ कोकणातले, बोलणं गोड पण टोचून. ते म्हणाले, "टेबलावर सगळेच दगड चांगले दिसतात. लटकल्यावर खरं कळतं. आता चेकिंगवाल्यांनी चढून पण बघायचं. दोर बांधलेला असेल, कुणी पडणार नाही. ज्यांना जमणार नाही त्यांना घासाईला पाठवू, तिथे माणसं कमीच आहेत."

घासाई म्हणजे दगडांच्या कडा घासायच्या, नुसती धूळ. धुळीचं काही नाही, डोक्याला फडकं बांधलं की झालं. पण घासाईला पाळी बदलते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. माझी पोरगी दीड वर्षाची, अजून अंगावर प्यायची, संध्याकाळी मी दिसले नाही तर जेवायची नाही, झोपायची नाही. चेकिंगला फक्त दिवसपाळी. म्हणून तर मी ते काम धरून ठेवलं होतं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "काम सोड मग." सासूबाई म्हणाल्या, "चढी जा. बैल पण चढस डोंगर." आणि दोघं माझ्याकडे बघून हसायला लागले, कारण मी तेव्हा चहाची बरणी काढायला स्टुलावर उभी होते आणि एका हाताने मांडणी धरून ठेवली होती.

चढायचं दसऱ्यानंतर ठरलं. आणि इथे मी घोळ घातला.

दसऱ्याला कंपनीत पूजा असते. मशीनला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आता आमच्या चेकिंगला मशीनच नाही. टेबलाची कसली पूजा करणार. तर मी बेनला म्हटलं, भिंतीची करू, पोटासाठी आता तिच्यावरच चढायचं आहे. बेन म्हणाली, "चालशे." माझ्या मनात खरं काय होतं, की बाई भिंते, मला सांभाळ. मग मी एकेका दगडाला हळदकुंकू लावलं, एकेक फूल ठेवलं, हात पोचत नव्हता तिथे बेनने खालून स्टूल धरलं आणि मी डोळे मिटून लावलं, त्याच्याही वरच्यांवर खालूनच उधळलं. त्या लॉटचे सगळे दगड केशरी रंगाचे होते. कुंकू लागल्यावर कसे दिसले सांगू, आमच्या गावाकडे शेताच्या बांधावर शेंदूर फासलेले देव असतात ना, अगदी तसे. भिंतभर देव. मी हात जोडले आणि मला खूप बरं वाटलं.

सुट्टीनंतर कामावर आले, साहेबांनी मला पट्टे बांधले, दोर लावला, चढायचे घट्ट बूट दिले घालायला, आणि मी भिंतीसमोर उभी राहिले तेव्हा डोक्यात आलं. देवावर पाय कसा ठेवू. तोही बूट घालून.

मी म्हटलं, "साहेब, बूट काढून चढू का?"

"घसराल ताई."

"पण साहेब, पूजा केली आहे."

साहेबांनी वर बघितलं, फुलं सुकून तिथेच होती. "कुणी केली?"

मी बेनकडे बघितलं. बेन म्हणाली, "साहेब, ए तो देव ने पूछो."

साहेब म्हणाले, "बघा ताई, मी सकाळी चढून आलो वरपर्यंत. मला काही पाप लागलं नाही."

बेन हळूच म्हणाली, "तमारे तो व्याज ज भरवानुं, पापनुं मुद्दल तो घणुं छे." सगळे हसले. साहेब पण हसले.

मग मला एक सुचलं. दगड आधी हाताला येतो, मग पायाला. म्हणजे पाय लागायच्या आधी माफी मागायला वेळ आहे. मी पहिला दगड धरला. दुसऱ्या हाताने त्याला शिवले, हात कपाळाला लावला, छातीला लावला, मनात म्हटलं चूकभूल माफ कर, आणि मग पुढचा. तसंच त्याचंही. शिवायचं, कपाळ, छाती. खाली कोण काय बोलतंय ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. एकही दगड सुटता कामा नये एवढंच डोक्यात. एखाद्याची माफी राहिली आणि त्याच्यावरच बूट पडला तर. एवढ्या नादात मी किती वर आले ते मला माहीत नाही. गॅलरीत कपडे वाळत घालणारी मी.

खालून बेनचा आवाज आला, "बेन, आरती पण करीने आव."

तेवढ्यात दगड फिरला. डाव्या हाताने धरलेला, उजवा हात माझा कपाळाला होता. थोडासाच फिरला, दाराची मूठ फिरते तसा, आणि मी सुटले. दोराने धरलं, मी भिंतीशेजारी लोंबकळत राहिले. माझ्या मनात पहिलं काय आलं, कोपला. हाच कोपला.

"काय झालं ताई?" साहेब खालून.

"साहेब, हा फिरतो."

"सकाळी फिरला नाही. दोन्ही हातांनी धरा."

मी परत धरला. दोन्ही हातांनी नाही फिरला. एकच हात ठेवून अंगाचा भार टाकला, तर फिरला. "एका हाताने फिरतो साहेब," मी म्हटलं.

"बरं. वरपर्यंत जा आणि मग उतरा."

मी वर गेले. वर काहीच नव्हतं, सासूबाईंना सांगितलं होतं तसंच, पत्र्याचं छप्पर आणि जाळं. उतरायचं मात्र जमेना. दोरावर बसून हात सोडायचे होते, मी हात सोडेना. साहेब म्हणाले, "सोडा ताई, जेवणाची सुट्टी होईल." बेन म्हणाली, "रहेवा दो साहेब, बपोरे डबो उपर मोकली आपीशुं." मग मी सोडले. डोळे मिटून, परत सगळ्यांची माफी मागत.

मी गादीवर बसून बूट काढायला लागले. साहेबांनी शिडी लावून तो दगड खोलला. बोल्टचं भोक आतून थोडं तिरकं होतं, बोल्ट नीट बसत नव्हता. त्यांनी दगड उलटा केला आणि मला दाखवला. मागे खडूची टिकली.

"हा टेबलावर पास कुणी केला?"

मी म्हटलं, "मीच."

"आणि नापास?"

"मीच."

आता मला घासाईला पाठवतील असं वाटलं. पोरगी दिसायला लागली दारात बसलेली. साहेब जरा वेळ दगड हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणून तर भिंत आणली. चेकिंगलाच राहा. आणि तो एका हाताचा प्रकार सगळ्यांनी करायचा. फक्त कपाळाला हात लावला पाहिजे असं नाही."

बेन म्हणाली, "ए तो लगाडशे."

खरंच लावते. अजून. बाकीच्या बायका पण गमतीत लावायला लागल्या आणि आता गंमत कुठली आणि खरं कुठलं ते त्यांनाही कळत नसेल.

तो तिरक्या भोकाचा दगड रिजेक्टमध्ये जायचा होता, मी मागून घेतला. घरी आणला, सासूबाईंना म्हटलं, यानेच मला पाडलं. त्यांनी तो हातात घेतला, वजन बघितलं, केशरी रंगावरून अंगठा फिरवला आणि गॅलरीत तुळशीच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर कुंकू. मी म्हटलं, आई, तो रिजेक्ट माल आहे. त्या म्हणाल्या, "आपण कोणते पास शेत?"

आता पोरगी चालते कुठे, चढतेच. पेटीवर, ओट्यावर, आजीवर. मी संध्याकाळी कामावरून येते, त्या दगडाला शिवून हात कपाळाला लावते आणि तिच्या मागे हात पसरून फिरते. परवा ती गॅलरीत त्या दगडावर चढून उभी राहिली, बाहेर बघायला. माझ्या हातातली पिशवी मी तिथेच टाकली. तिने मागे वळून मला पाहिलं, खाली उतरली, वाकून दगडाला हात लावला, कपाळाला लावला आणि परत त्याच्यावर चढली.

सासूबाई दारात बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "बघ, चेकिंग करी राहिनी."