फलकावरची धाकटी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आठ खोल्यांचं लॉज आहे. ते उभं केलं मोठीनं. मोठी म्हणजे त्या घरातली थोरली जाऊ. सासू तिला 'मोठी' म्हणायची, तेच नाव पुढे गल्लीनं उचललं.

तेव्हा आमच्या शहरात हौसेनं कोण येणार? कोर्टात तारीख असलेले, इस्पितळात माणूस असलेले, नाहीतर गाडी चुकलेले. अशा वैतागलेल्या लोकांना मोठीनं कोरड्या चादरी, गरम पाणी आणि नीट बसणारी कडी दिली. तिचा नवरा बोलायला गरीब, पण हाताचा पक्का; नळ, दिवे, गळकं छप्पर सगळं तो बघे. दोघांनी मिळून आधी तीन खोल्या काढल्या, मग वरचा मजला चढवला.

धाकटी आली ती सगळं झाल्यावर. तिचा नवरा, म्हणजे मोठीचा दीर, पर्यटकांच्या बसवर चालक, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. धाकटीला घरात करमेना, म्हणून मोठीनंच तिला खाली काउंटरवर बसवलं. चादरीचा कोपरा कसा दुमडायचा हे तिला चार वेळा शिकवावं लागलं. बोलायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. दमलेला माणूस दारात आला की ती आधी त्याच्या हातातली पिशवी घेई, मग प्रवासाचं विचारी, आणि चावी हातात पडेपर्यंत तो तिला आपल्या मुलीच्या परीक्षेचं सांगत असे. निघताना पाहुणे तिचा हात हातात घेत, पुन्हा येऊ म्हणत. मोठी तेव्हा वरच्या मजल्यावर त्यांचे ओले टॉवेल गोळा करत असे.

'आयत्या बिळावर नागोबा,' ती मला म्हणायची. 'पण नागोबा गोड बोलतो ना!'

मग शहर वाढायला लागलं. विमानतळ मोठा झाला, तळ्यातला गाळ उपसून भोवती फिरायचा रस्ता केला, परिषदा भरवायला मोठं सभागृह बांधलं. पर्यटनासाठी वेगळं कार्यालय निघालं आणि तिथल्या अधिकारी बाई गल्लोगल्ली हिंडू लागल्या. त्यांचं म्हणणं असं, की मोठी हॉटेलं सगळीकडे सारखीच. माणसाच्या लक्षात राहतात ती माणसं. म्हणून शहरातल्या छोट्या लॉजवाल्यांचे, टॅक्सीवाल्यांचे, चहावाल्यांचे फोटो मोठ्या फलकांवर लावायचे.

फोटोवाला लॉजवर येणार म्हणून मोठीनं पडदे धुतले आणि स्वतःसाठी निळा स्वेटर आणला. फोटोवाल्यानं दोघींचे फोटो काढले. 'जरा हसा ना,' तो मोठीला म्हणाला. ती हसली, पण दाढ दुखत असलेला माणूस हसतो तशी.

निवडली गेली धाकटी. विमानतळाच्या रस्त्यावर तिचा दोन मजली चेहरा झळकला. खाली लिहिलं होतं, 'या, आम्ही वाट बघतोय.'

'वाट बघतेय म्हणे,' मोठी म्हणाली. 'सकाळी हिच्या उठण्याची वाट बघावी लागते आम्हाला.'

हे तिनं हसत म्हटलं, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. साबणाच्या ठोक बाजाराला जायचा जवळचा रस्ता त्या फलकाखालून जात होता. तिनं तो सोडला आणि ती लांबून जाणाऱ्या बसनं जाऊ लागली. पण फलक टाळता आला तरी पाहुणे थोडेच टाळता येतात! विमानातून उतरलेली माणसं लॉजच्या दारात उभी राहून विचारायची, 'फोटोतल्या बाई कुठे आहेत?'

'मी मालकीण,' मोठी सांगायची.

'हो का? वा! आणि त्या?'

पाहुणे मोबाईलवर अभिप्राय लिहीत, ते ती चष्मा लावून वाचायची. धाकटीवर लोक परिच्छेदच्या परिच्छेद लिहायचे. खोल्यांबद्दल एकच शब्द असायचा, 'स्वच्छ.' हे वाचून ती एकदा माझ्यासमोर फोन टेबलावर आपटून म्हणाली, 'स्वच्छ! जशा काही चादरी आपल्या आपण धुतल्या जातात.'

एके दिवशी कार्यालयातून निरोप आला. बाहेरच्या शहरांतले सहल कंपन्यांचे लोक येणार होते. त्यांना लॉज पसंत पडलं तर वर्षभराचे पाहुणे नक्की होणार होते. ते दुपारी चारला येतील असं ठरलं होतं. त्या सकाळी पुन्हा फोन वाजला. धाकटी वर आवरत होती, म्हणून मोठीनं उचलला. 'कार्यक्रम बदललाय,' अधिकारी बाई म्हणाल्या. 'आम्ही जेवणाआधीच येतोय. तुमच्या जाऊबाईंना सांगून ठेवाल ना?'

'बरं,' मोठी म्हणाली. तिनं फोन ठेवला. मग तिनं जिन्यातून हाक मारली. 'अगं, खालच्या खोल्यांना नवे पडदे घ्यायचेत ना, तेवढे घेऊन ये. पाहुणे दुपारचे आहेत, सावकाश ये.'

धाकटी केस बांधत खाली आली. 'मी एकटीनं? ताई, पडदे तर तुम्हाला निवडायचे होते.'

'तुझ्या पसंतीचे आण. आता तूच शहराचा चेहरा.'

त्यातला टोमणा धाकटीला कळलाच नाही. ती खुशीत निघून गेली.

पाहुणे आले. मोठी निळा स्वेटर घालून दारात उभी होती. तिनं खोल्या दाखवल्या, गाद्या दाबून दाखवल्या, गरम पाण्याचा नळ सोडून दाखवला. लोक माना डोलवत होते. मग एका जाड्या गृहस्थानं विचारलं, 'तुमच्या शहरातलं तुम्हाला काय आवडतं हो?'

मोठीला आधी तळ्याचं नाव घ्यावंसं वाटलं; पण तळं साफ झाल्यापासून ती तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती. शेवटी ती म्हणाली, 'नळाला दिवसभर पाणी असतं.'

सगळे मनापासून हसले. त्यांना वाटलं, बाई गमतीदार आहे. पाहुणे आपल्या बोलण्यावर हसतायत हे मोठीला नवीन होतं. तिला फार बरं वाटलं. मात्र ते सुख क्षणभरच टिकलं.

'पण त्या कुठे आहेत?' अधिकारी बाईंनी विचारलं. 'वेळ बदलल्याचं मी कळवलं होतं.'

मोठी काउंटरवरच्या चाव्या सारख्या करू लागली. आणि नेमकी त्याच वेळी धाकटी पडद्यांचं गाठोडं छातीशी धरून दारात आली. तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग मोठीच्या निळ्या स्वेटरकडे. काय झालं ते तिला कळलं, हे मोठीलाही कळलं.

'माफ करा हं, चूक माझी,' धाकटी म्हणाली. 'लवकर ये असं ताईंनी बजावलं होतं. मीच दुकानात रमले.' मग ती हसली आणि सगळे हसले. 'ताईंनी सगळं दाखवलं ना? मग मी आणखी काय दाखवणार? त्यांनीच तर हे उभं केलंय.'

मोठी मला पुढे म्हणाली, 'तिनं चारचौघांत माझ्या मुस्काटात मारली असती तर मी सुटले असते. पण नाही! तिथेही तीच चांगली ठरली.'

पाहुणे गेल्यावर दोघी गच्चीवर चादरी काढत होत्या.

'फोन कुणी घेतला होता?' धाकटीनं विचारलं.

'मी.'

'सांगायला विसरलात?'

हो म्हणणं सोपं होतं. मोठी म्हणाली, 'नाही.'

'मग का?'

'का म्हणजे? पोरांच्या आजारपणात, सासूबाईंच्या दुखण्यात एक दिवस दार बंद ठेवलं नाही मी. आणि फलकावर कोण? तर तू.'

'मग फलक लावणाऱ्यांशी भांडायचं होतं, ताई. मला कशाला पडदे आणायला पाठवलंत? मी किती आनंदात गेले होते! वाटलं, यांनी पहिल्यांदा एक गोष्ट माझ्यावर सोडली.' धाकटीचा आवाज चढला. 'लोकांसमोर मी झाकलं. पुन्हा झाकणार नाही.'

आपल्या वाटच्या चादरी उचलून ती खाली गेली. त्यानंतर कितीतरी दिवस दोघींमध्ये 'चावी द्या' आणि 'चावी घे' याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. मोठीच्या नवऱ्यानं एकदा जेवताना तोंड उघडलं, 'अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास.'

'तुम्ही नळ बघा,' ती म्हणाली.

सहल कंपन्यांनी लॉज पसंत केलं. खोल्या भरू लागल्या. काही महिन्यांनी पर्यटन कार्यालयानं धाकटीला नोकरी देऊ केली. पाहुण्यांशी कसं बोलावं, कसं वागावं, हे तिनं शहरातल्या सगळ्या छोट्या लॉजवाल्यांना शिकवायचं. तिनं ती घेतली.

'माझ्यामुळे जातेस?' मोठीनं विचारलं.

'थोडी तुमच्यामुळे. बाकी मला आवडतं म्हणून.'

काउंटर मोठीकडे आलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि पहिल्या आठवड्यात तिचे गाल दुखायला लागले. मग तिनं उगाच हसणं सोडून दिलं. येणाऱ्याला ती खुर्ची देते, पाणी देते, आणि त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड घालत नाही. काहींना ती तुसडी वाटते. काही जण मात्र आता तिलाच विचारत येतात.

परवा धाकटी आपल्या शिकाऊ लोकांचा घोळका घेऊन लॉजवर आली होती. सगळे तिला 'मॅडम, मॅडम' करत होते. मोठीनं त्यांच्याकडून तीनदा पलंग घालून घेतला, एकाला तर चांगलंच झापलं. त्यांनी मुकाट्यानं सगळं केलं आणि जाताना आभार मानले ते मॅडमचे.

त्यांची गाडी गेल्यावर मी मोठीला विचारलं, 'काय, अजून पोटात दुखतं का?'

'दुखतं की,' ती म्हणाली. 'खोटं कशाला बोलू? पण पूर्वी दिवसभर दुखायचं. आता गाडी कोपऱ्यावर वळली की थांबतं.'